सोन्याचे मांजर

मागच्या अंकात उन्हाळी वाळवणांविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत हुबळीच्या विद्यानगर भागातील एका भगिनीचे पत्र आहे. सांडग्या-पापडांची चौकशी दोन ओळींत उरकून त्या लिहितात, "वाळवण राखायचे ते आता कावळ्यांपासून नव्हे, मांजरांपासून. आमच्या माळ्यावर एका मांजरीने चार पिले घातली आहेत. वर्षभरातली ही तिची तिसरी खेप. घरातील पुरुषमंडळी म्हणतात, पोत्यात घालून दूर कोठेतरी सोडून येऊ. सासूबाई म्हणतात, मारायचे तर नाहीच ना, मग पाप कसले? माझे मन मात्र धजत नाही. आपण काय सुचवाल?"

हे पत्र मी दोनदा वाचले आणि मग बराच वेळ बाजूला ठेवून दिले. कारण असेच एक पोते माझ्याही आठवणीत आहे, आणि त्याचे तोंड मी माझ्या हातांनी धरले होते.

आम्ही तेव्हा धारवाडला माळमड्डीत राहत होतो. मंगळुरी कौलांचे घर, वर लाकडी माळा, माळ्यावर जुन्या ट्रंका आणि सरपण. धारवाडचा आषाढ म्हणजे दिवसचे दिवस झिमझिम पाऊस. अशा दिवसांत मांजरीला माळ्याइतकी उबदार जागा कोठे मिळणार? दर सहा-आठ महिन्यांनी वरून बारीक आवाज येऊ लागत. एकदा अण्णा वैतागले. ज्वारीचे रिकामे पोते आणून त्यांनी पिले त्यात घातली. मी पोत्याचे तोंड धरले, त्यांनी सुतळी बांधली, आणि सायकलच्या कॅरियरला पोते अडकवून ते केलगेरी तलावापलीकडे सोडून आले. मांजरी त्या वेळी घरात नव्हती.

ती रात्री आली. माळा हुडकून झाला, कोठीची खोली झाली, न्हाणीघराच्या मागची लाकडे झाली. मग ती आजीच्या अंथरुणाशी येऊन उभी राहिली आणि ओरडू लागली. मांजरी आपल्या पिलांना सात घरे दाखवते असे म्हणतात. ही त्या आठवड्यात पिलांवाचून सातांहून अधिक घरे फिरली. शेजारच्या कानडी अक्का अण्णांना आधीच म्हणाल्या होत्या, "ब्याड्री, पाप बरतैत्री." नको हो, पाप लागते. आजीने मात्र त्यावर शांतपणे उत्तर दिले, "आपण काही मारली नाहीत."

आजीच्या या उत्तरामागे एक जुना हिशेब होता. मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर वाहावे लागते, ही समजूत आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असेल. तीमुळे असंख्य मांजरांचे प्राण वाचले असतील, यात शंका नाही. परंतु धाक जेवढा मोठा तेवढी पळवाटही सोयीची असते. मारले तर सोने द्यावे लागते. सोडून दिले तर काहीच द्यावे लागत नाही. डोळे नुकते उघडलेली पिले तलावाकाठी पावसात किती तास जगली असतील, हा प्रश्न त्या हिशेबात कोठेच बसत नव्हता. "बेक्किगे चेल्लाट, इलिगे प्राणसंकट" अशी कानडीत म्हण आहे: मांजराचा खेळ होतो, उंदराचा जीव जातो. त्या दिवशी खेळ आमचा होता आणि प्राणसंकट मांजरांचे.

पाप-पुण्याचा विचार क्षणभर बाजूला ठेवला, तरी पोत्याचा हा उपाय फुकट जातो. त्याची कारणे साधी आहेत. मांजरी साधारण पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. तिचा गर्भकाळ अवघा नऊ आठवड्यांचा. एका वेळी तीनपासून पाचपर्यंत पिले होतात आणि आपल्या उष्ण देशात वर्षातून दोन-तीन वेळा होतात. यातील बहुसंख्य पिले भूक, रोगराई, कुत्री आणि वाहने यांमुळे सहा महिन्यांच्या आतच मरतात, म्हणूनच तर आपली गावे मांजरांनी भरून गेलेली नाहीत. पिले नाहीशी झाली की अंगावर पाजण्याचे थांबते आणि मांजरी लवकरच पुन्हा माजावर येते. आमच्या त्या मांजरीने तीन महिन्यांच्या आत त्याच माळ्यावर पुन्हा पिले घातली.

मोठी मांजरे पकडून नेली तरी तीच गत. एखाद्या गल्लीत किती मांजरे राहतील हे तेथील उष्टेखरकटे, उंदीर आणि आडोसे ठरवितात. दहा मांजरे नेली आणि उकिरडा तसाच ठेवला, तर रिकाम्या झालेल्या जागेत शेजारच्या गल्लीतली मांजरे येतात, आणि उरलेल्यांची अधिक पिले जगू लागतात. शिवाय १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे, भूक-तहान यांनी प्राण्याचे हाल होतील अशा स्थितीत योग्य कारणावाचून त्याला सोडून देणे हा गुन्हाच आहे. म्हणजे सासूबाईंच्या शास्त्रात पाप बसले नाही, तरी कायद्याच्या पुस्तकात ते लिहिलेले आहे.

एक काळ असा होता की याच मांजरांना सरकारी डॉक्टर घरोघर बोलावू पाहत होते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि लोहमार्गाने तो आपल्या भागातही पोहोचला. १८९८ मध्ये हुबळीत प्लेगने हाहाकार केला. डॉ. हाफकिन यांच्या लसीची मोठ्या प्रमाणावरील टोचणी ज्या गावांत सर्वांत आधी झाली, त्यांत हुबळीचे नाव वैद्यकाच्या इतिहासात आहे. त्याच वर्षी सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत दाखवून दिले की, उंदरावरील पिसवा हा रोग माणसापर्यंत आणतात. मग उंदीर कमी कसे करावयाचे याचा शोध सुरू झाला. अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी वऱ्हाडातील खेड्यांत चक्क मांजरांची शिरगणती केली आणि ज्या गावांत मांजरे भरपूर तेथे प्लेग कमी, असे १९०८ च्या सुमारास इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांत मांडले. आज शास्त्रज्ञ इतके ठामपणे बोलत नाहीत. मांजर चिचुंद्र्या आणि उंदरांची पिले धरते, थोराड घुशीच्या वाटेस सहसा जात नाही, आणि प्लेगची बाधा मांजरालाही होते. तरीही जुन्या धान्यकोठारांच्या घरांत मांजराला जी मानाची जागा होती, तिच्यामागे नुसती भूतदया नव्हती, उपयोगही होता. कोठारे गेली, धान्य पिशव्यांतून येऊ लागले, आणि मांजर उपयोगाचे होते ते उपद्रवाचे झाले. त्यात त्याचा अपराध काहीच नाही.

तर मग मारायचे नाही, सोडायचे नाही, आणि वाढूही द्यायचे नाही, हे तिन्ही एकदम कसे साधावे? यासाठी जगात जो मार्ग रूढ झाला आहे तो असा: मांजर पिंजऱ्यात धरावे, शस्त्रक्रिया करून त्याचे निर्बीजीकरण करावे, रेबीजची लस टोचावी, आणि जेथून धरले तेथेच परत सोडावे. 'नसबंदी' या शब्दाशी आपल्या मागच्या पिढीच्या १९७५ ते ७७ या काळातील कडवट आठवणी निगडित आहेत, म्हणून तो शब्द ऐकताच कोणी दचकेल. परंतु या गरीब प्राण्यांच्या बाबतीत तोच सर्वांत दयाळू उपाय आहे.

इंग्लंडमध्ये १९७० नंतरच्या दशकात काही प्राणिप्रेमी स्त्रियांनी इस्पितळे आणि कारखान्यांच्या आवारांतील मांजरांवर हा प्रयोग चालविला. इटलीने १९९१ मध्ये कायदा करून मोकाट मांजरांना मारण्यास बंदी घातली आणि त्यांचे निर्बीजीकरण करून त्यांना मूळ जागीच राहू द्यावे असे ठरविले. रोमच्या भग्न देवळांत आजही मांजरांच्या वसाहती आहेत. अमेरिकेत फ्लोरिडातील एका विद्यापीठाच्या आवारातील मांजरांची नोंद अकरा वर्षे ठेवण्यात आली. १९९६ मध्ये तेथे ६८ मांजरे होती, २००२ मध्ये २३ उरली. मात्र ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, त्या साऱ्या काळात नोंदलेल्या मांजरांपैकी जवळजवळ निम्म्यांना घरे मिळवून देण्यात आली होती. नुसत्या शस्त्रक्रियेने ती घट झालेली नव्हती.

आपल्या देशात या कामाची सुरुवात कुत्र्यांपासून झाली. मद्रासच्या ब्लू क्रॉस संस्थेने १९६४ पासून भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण हाती घेतले. केंद्र सरकारने २००१ मध्ये त्यासाठी नियम केले, त्यांच्या नावातच 'कुत्रे' हा शब्द होता; २०२३ मध्ये नवे नियम आले तेव्हा तो नावातून गेला. मुंबई महानगरपालिकेने २०१९ च्या सुमारास मांजरांच्या निर्बीजीकरणाकडेही लक्ष दिले, आणि तेथे काही संस्था केवळ मांजरांसाठी हे काम करतात. आपल्याकडे मात्र, मांजरांचे म्हटले की सारा भार गल्लीतील चार-दोन माणसांवरच येऊन पडतो. आमच्या गल्लीतही तो तसाच पडला.

दोन वर्षांमागे गल्लीतील मंडळींची एक बैठक झाली. मांजरे रात्री भांडतात, जिन्यात घाण करतात, एका घरी दम्याचा रुग्ण आहे, अशी गाऱ्हाणी होती, आणि ती खोटी नव्हती. कलघटगीच्या रस्त्याला जंगलात सोडून येणारा एक माणूस कोणीतरी ठरवूनही ठेवला होता. मी उठून केलगेरीची गोष्ट सांगितली. ती यापूर्वी मी घराबाहेर कोणालाही सांगितली नव्हती. बैठक थोडा वेळ गप्प झाली, आणि मग एका वहिनींनी व्यवहाराचा प्रश्न विचारला, "ते खरे हो, पण करायचे काय, आणि कोणी?" मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा जुनाच प्रश्न, येथे तर शब्दशः होता.

आम्ही आधी मोजणी केली. आठवडाभर ठरल्या वेळी, ठरल्या ठिकाणी खाणे ठेवले आणि कोण कोण येते ते वहीत टिपले: आठ मांजरी, पाच बोके, एकूण तेरा. ठरल्या वेळी खाणे देण्याचे दोन फायदे होतात. मांजरे दिवसभर दारोदार हिंडत नाहीत, आणि धरायची वेळ येते तेव्हा ती कोठे भेटतील हे ठाऊक असते. एका कचेरीत चौकशी केली, तेथे या मेजावरून त्या मेजावर चार खेपा झाल्या आणि हाती काही लागले नाही. अखेर एका पशुवैद्यांनी आठवड्यातून एक सकाळ देण्याचे मान्य केले. खर्च घरटी वाटून घेतला.

फळीवर पाय पडताच दार खाली येते, असा पिंजरा लोहाराकडून करवून घेतला. आमिषाची मात्र गंमत झाली. गल्ली जवळजवळ सारी शाकाहारी. दूध-भाताला एकही मांजर फसेना. शेवटी बाजारातून सुकट आणावी लागली, आणि ज्यांच्या ओट्यावर पिंजरा होता त्या काकूंनी नाकाला पदर लावून तिच्यावर पहारा केला! मांजर आत गेले की पिंजऱ्यावर लगेच जाड कापड टाकावे. अंधार झाला की ते शांत होते. पिंजऱ्यात हात घालू नये. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून मोठ्या मांजराला खायला देऊ नये, पोट भरलेले असताना भूल देणे धोक्याचे असते. मांजरीचे गर्भाशय आणि बीजकोश काढतात, बोक्याची शस्त्रक्रिया त्याहून लहान असते. भूल असतानाच डाव्या कानाचे टोक किंचित सरळ कापतात. हे क्रूर वाटते खरे, पण त्या खुणेमुळे त्याच मांजराला पुन्हा धरण्याची आणि पुन्हा पोट फाडण्याची आपत्ती टळते. बोके दुसऱ्या दिवशी, मांजरी दोन-तीन दिवसांनी, नीट खाऊ-चालू लागल्या की, जेथे धरल्या तेथेच सोडल्या.

पाच महिन्यांत अकरांचे काम झाले. सारे सुरळीत झाले असे सांगण्याची माझी इच्छा आहे, पण तसे झाले नाही. एक करडी मांजरी तिसऱ्या दिवशी गेली. तिने टाके उकलले होते आणि ते आमच्या वेळेवर ध्यानात आले नाही. पिंजरा झाकून मीच तिला घेऊन गेलो होतो. केलगेरीच्या वेळी मी लहान होतो, या वेळी नव्हतो. ते मला अजून बोचते. हाती न लागलेल्या दोघांपैकी एकीने पुन्हा तीन पिले घातली. दोघांना घरे मिळाली, तिसरे आमच्याकडे आहे. पिले खाऊ लागल्यावर त्या मांजरीलाही धरले. आणखी एक वाहनाखाली गेले, एक दिसेनासे झाले. आज गल्लीत दहा मांजरे आहेत आणि गेल्या वर्षात कोठल्याही माळ्यावर पाळणा हललेला नाही. रात्रीची भांडणे पुष्कळ कमी झाली, कारण ती बहुतेक माजावरून होणारी भांडणे असतात. जिन्यातील दर्पही बोक्यांच्या शस्त्रक्रियेनंतर ओसरला. दम्याच्या रुग्णाचे घर पूर्ण समाधानी नाही, आणि त्यांचे म्हणणे मला पटते. त्यांच्या दारापासून खाण्याची जागा आम्ही दूर नेली, याहून अधिक करता आलेले नाही. एका पहाटे मात्र कोणीतरी गल्लीच्या तोंडाशी खोक्यात चार पिले आणून ठेवली. येथे मांजरांना खायला मिळते ही कीर्ती पसरली होती! या कामाचा खरा शत्रू हाच: एकीकडे निर्बीजीकरण आणि दुसरीकडे टाकून देणे चालू राहिले, तर भोक पडलेल्या घागरीत पाणी भरण्यासारखे होते. वस्तीतील तीन-चतुर्थांशांहून अधिक मांजरांचे काम झाले, आणि नवागतांनाही लगेच धरले, तरच संख्या उतरते. वर्षातून चार मांजरे धरून समाधान मानण्याचा हा मामला नाही.

पक्ष्यांवर प्रेम करणाऱ्यांची तक्रार वेगळीच असते, आणि तीही न्याय्य आहे. पोट भरलेले मांजरही शिकार करते. न्यूझीलंडजवळच्या स्टीफन्स बेटावर दीपगृहाबरोबर मांजरे आली आणि तेथील एक चिमुकला, उडता न येणारा पक्षी १८९५ च्या आसपास नामशेष झाला. उलट दक्षिणेकडील मॅक्वारी बेटावरून २००० सालापर्यंत सारी मांजरे नाहीशी केली, तर ससे बेसुमार वाढून त्यांनी गवत फस्त केले. अभयारण्याच्या किंवा बेटाच्या बाबतीत वेगळाच विचार करावा लागेल. विद्यानगर किंवा माळमड्डीच्या गल्लीत मांजरे कमी होत जाणे हेच पक्ष्यांच्याही हिताचे आहे.

आता आपल्या भगिनींच्या प्रश्नाकडे. पिले लहान असताना त्यांना हात लावू नये. फार माणसे वर-खाली करू लागली की मांजरी त्यांना स्वतःच हलविते, कदाचित कोठल्या तरी गैरसोयीच्या जागी. मांजरीला रोज एका वेळी थोडे खाणे आणि पाण्याची वाटी ठेवावी. दूध देण्याची गरज नाही, पुष्कळ मोठ्या मांजरांना ते पचत नाही. चौथ्या आठवड्यापासून पिले खाऊ लागतात. तेव्हापासून रोज थोडा वेळ त्यांना हाताळले तर ती माणसाळतात, आणि दोन महिन्यांची झाली की त्यांना घर मिळणे सोपे जाते. त्या सुमारास मांजरीची शस्त्रक्रिया करून घ्यावी; फार लांबविले तर चौथी खेप पोटात असेल. पिले ज्यांच्या घरी जातील त्यांच्याकडून, चार-पाच महिन्यांची होताच त्यांचीही शस्त्रक्रिया करू, असा शब्द घ्यावा. सारी बाहेर पडल्यावर, आत कोणी राहिले नाही ना याची खात्री करून, माळ्याची फट बुजवावी. आणि मांजर चावले किंवा ओरबाडले तर हसण्यावारी नेऊ नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रेबीज मांजरापासूनही होतो, आणि तो एकदा प्रकट झाला की त्यावर उपाय नाही.

सासूबाईंना काय सांगावे? त्यांच्या शास्त्राचा मान राखूनच सांगावे. काशीला वाहायचे सोन्याचे मांजर कोणालाच परवडत नाही, म्हणून तर आपण ते वाहावे लागू नये अशी वाट शोधतो. ती वाट पोत्याची असायला हवी असे मात्र नाही. एका मांजरीच्या शस्त्रक्रियेचा खर्च दोन-तीन घरांत वाटून घेता येतो, आणि त्यासाठी काशीला जावे लागत नाही.

आमच्या कुंपणावर या क्षणी कानाचे टोक कापलेली एक पिवळी मांजरी ऊन खात बसली आहे. हुबळीच्या भगिनींनी पिलांचे पुढे काय झाले ते अवश्य कळवावे. या स्तंभाच्या वाचकांपैकी हुबळी-धारवाडात कोणाला पिलू हवे असल्यास त्यांनी संपादकांकडे पत्र धाडावे. चारांपैकी दोघांना तरी आपल्या परिवारातच घर मिळाले, तर मला त्याचा आनंद होईल.